ऑनलाइन सुरक्षेची व्हिडिओ स्पर्धा, इंदूर: विषय नेमका, अर्ज मात्र बदलायला हवा

इंदूरच्या मराठी वस्त्यांमध्ये, रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरपासून थेट राजेंद्र नगरपर्यंत, ऑनलाइन सुरक्षेवरच्या एका व्हिडिओ स्पर्धेचं पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. गट तीन आहेत: आठवी ते बारावी, महाविद्यालय आणि समुदाय. समुदाय गटात महिला मंडळ, ज्येष्ठांचा कट्टा, रहिवासी संघ, गणेशोत्सव मंडळ, कुणीही येऊ शकतं. व्हिडिओ ६० ते ९० सेकंदांचा, मराठीत, मोबाइलवर काढलेला चालेल, प्रवेशशुल्क नाही. भाग घ्यावा का? घ्यावा. विषय नेमका आहे, आणि ९० सेकंदांची संहिता लिहिताना घरातल्या चार माणसांना जे समजतं ते तासाभराच्या भाषणात समजत नाही. पण अर्ज भरण्याआधी पत्रकातली शेवटची दोन कलमं शांतपणे वाचा. मुलांनी अनोळखी माणसाला जे कधीच देऊ नये म्हणून हे व्हिडिओ बनायचे आहेत, तेच आयोजकांनी तिथे मागितलं आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर.

आधी जे चांगलं आहे ते. तिसऱ्या कलमात एक अट आहे: व्हिडिओ पाहून झाल्यावर प्रेक्षकाने कोणती एक कृती करायची, ते अर्जात एका वाक्यात लिहा. पत्रकातली ही सगळ्यात मोलाची ओळ. जनजागृतीचे बहुतेक व्हिडिओ 'सावध राहा, सतर्क राहा' इथेच संपतात. सावध राहायचं म्हणजे हाताने नेमकं काय करायचं, हे आजोबांना कुणी सांगत नाही. कृती एकच हवी म्हटल्यावर विषय आपोआप लहान होतो, आणि ९० सेकंदांत लहान विषयच मावतो. 'सायबर गुन्ह्यांपासून बचाव' हा व्हिडिओचा विषय होऊ शकत नाही. 'व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लग्नपत्रिका उघडण्याआधी फाइलच्या नावाची शेवटची तीन अक्षरं बघा' हा होतो.

हेच उदाहरण पुढे नेऊ, कारण शाळेच्या गटाला ते सहज जमण्यासारखं आहे. पत्रिकेच्या किंवा गाडीच्या चलानाच्या नावाने फाइल येते. शेवटी पीडीएफ नसतं, एपीके असतं, म्हणजे ते कागदपत्र नसून अ‍ॅप असतं. उघडलं की इन्स्टॉल करायची परवानगी मागतं, मग एसएमएस वाचायची. ती दिली की बँकेचा ओटीपी तुम्ही तोंडाने कुणाला सांगायची गरजच उरत नाही, तो परस्पर पुढे जातो. म्हणून 'ओटीपी कुणाला सांगू नका' एवढंच सांगणारा व्हिडिओ आज अपुरा पडतो. त्याऐवजी सेटिंग दाखवा: अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, त्यात विशेष परवानग्या, त्यात 'अज्ञात अ‍ॅप इन्स्टॉल करणे', तिथे व्हॉट्सअ‍ॅप शोधायचं आणि बटण बंद करायचं. कंपनीगणिक नावं थोडी बदलतात, त्यामुळे सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'अज्ञात' किंवा इंग्रजीत 'अननोन' टाकून बघणं सोपं. हे सगळं स्क्रीनवर दाखवायला २५ सेकंद पुरतात. आजीचा फोन हातात घेऊन नातीने ते बटण बंद करणं, हाच व्हिडिओचा शेवट.

परीक्षकांनी आशयाला १०० पैकी ४० गुण ठेवलेत, ते योग्यच. पण आशयाचे गुण जातात ते चुकीच्या माहितीमुळे, आणि त्या चुका ठरलेल्या आहेत.

पहिली चूक: प्रत्येक गोष्टीला १९३०. सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा हा क्रमांक पैसे गेल्यावर लावायचा. नुसता संशयास्पद फोन किंवा मेसेज आला, पैसे गेले नाहीत, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षु' सुविधेत कळवायचं. फोन हरवला किंवा चोरीला गेला तर त्याच पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळखक्रमांक, ब्लॉक करायची सोय आहे. तो १५ अंकी क्रमांक *#०६# दाबून आजच वहीत लिहून ठेवायचा, फोन गेल्यावर तो कुठून मिळणार? एकाच व्हिडिओत या तिन्ही गोष्टी कोंबल्या की प्रेक्षकाच्या डोक्यात खिचडी होते. एक निवडा. जुन्या चित्रफिती बघून माहिती काढणारे गट अजूनही १५५२६० हा जुना क्रमांक देतात. तो पहिला क्रमांक होता, आता १९३० आहे.

दुसरी चूक: 'लगेच पोलीस ठाण्यात जा.' ठाण्यात जायला हरकत नाही, पण आधी फोन. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चार खात्यांत असे काही मिनिटांत फिरवले जातात. १९३० वर तक्रार नोंदली की संबंधित बँकांना कळवून वाटेतले पैसे गोठवायचा प्रयत्न होतो, म्हणून पहिला तास महत्त्वाचा. फोन लावताना हाताशी काय हवं, हे दाखवणारा व्हिडिओ सगळ्यात उपयोगी ठरेल: आपलं खातं कोणत्या बँकेत आहे, किती रक्कम गेली, कधी गेली, आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआय व्यवहाराचा हा क्रमांक १२ अंकी असतो. अ‍ॅपच्या इतिहासात जाऊन त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. समोरच्याचा नंबर आणि मेसेजचे स्क्रीनशॉट पुसायचे नाहीत. फोन झाल्यावर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर, सविस्तर तक्रार भरायची आणि पोचक्रमांक जपून ठेवायचा. कृती म्हणून एवढंच सांगितलं, 'व्यवहार क्रमांक कुठे असतो ते आज शोधून बघा', तरी व्हिडिओ सार्थ झाला.

तिसरी चूक जरा नाजूक आहे: 'तीन दिवसांत बँकेला सांगितलं की सगळे पैसे परत.' रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तीन कामकाजाच्या दिवसांची मुदत घातली खरी, पण ती चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा प्रकरणासाठी. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याच्यावरच पडतं, कळवल्यानंतरचं बँकेवर. म्हणजे कळवायची घाई दोन्हीकडे हवीच, पण 'सगळे परत' हे आश्वासन देऊ नका. एखाद्या काकांनी त्यावर विसंबून दोन दिवस थांबायचं ठरवलं, तर त्यांचं नुकसान तुमच्या व्हिडिओमुळे होईल.

'डिजिटल अरेस्ट', म्हणजे व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचं भासवून अटकेच्या धाकाने पैसे उकळणं, हा सगळ्यात लोकप्रिय विषय असणार, हे सांगायला ज्योतिषी नको. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये त्यावर बोलून थांबा, विचार करा, कृती करा ही तीन पावलं सांगितली, तेव्हापासून विषय घरोघरी पोचला आहे. मुद्दा एका वाक्याचा: व्हिडिओ कॉलवर अटक करायची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. पण बहुतेक गट पोलिसाच्या वेशातला ठग रंगवण्यात ७० सेकंद घालवतात. गणवेश, टोपी, मागे लावलेला फलक, सगळं हौसेने. उरलेल्या २० सेकंदांत बिचाऱ्या आजोबांनी काय करायचं ते घाईघाईत उरकतात. प्रमाण उलटं ठेवा. धमकीला २० सेकंद, सुटकेला ७०. सुटकेत दाखवायचं काय? फोन ठेवणं. एवढी साधी गोष्ट माणसाला का जमत नाही, ते दाखवा. समोरचा सांगत असतो की कॉल तोडला तर गुन्हा वाढेल, घरात कुणाला बोललात तर तेही अडकतील. एकटं पाडणं हेच त्याचं हत्यार. म्हणून खरी कृती 'दाराची कडी काढा आणि शेजारच्याला हाक मारा' ही आहे.

आता भाषेचं कलम. 'संपूर्ण व्हिडिओ मराठीतच असावा' असं पाचवं कलम म्हणतं. हेतू समजतो, पण इंदूरात ही अट खोट्या संवादांना आमंत्रण देते. इथल्या मराठी घरात येणारा फसवणुकीचा फोन हिंदीत असतो. ठग शुद्ध मराठीत 'आपल्या नावे आलेले पार्सल जप्त करण्यात आले आहे' असं बोलायला लागला की बघणाऱ्याला नाटक वाटतं, आणि नाटक वाटलं की सावधपणा संपला. असं बघा:

"मैडम, आपके नाम का पार्सल मुंबई में पकड़ा गया है।"
"अगं मुक्ता, हा बघ काय म्हणतोय. पार्सल म्हणे पकडलं."
"आजी, फोन ठेव. आधी ठेव, मग बोलू."

ठगाची हिंदी आणि घराची मराठी हा फरकच इथे काम करतो. फोन ठेवून आजी मराठीत येते, तेव्हा ती घरात परत आलेली असते. कलमाचा अर्थ 'निवेदन आणि घरातले संवाद मराठीत' असा घेता येतो का, हे आयोजकांना लेखी विचारून ठेवा आणि हिंदी वाक्यांना मराठी उपशीर्षकं द्या. उलट बाजूही सांगतो: निवेदनात 'आंतरजाल', 'परवलीचा शब्द', 'संकेतस्थळ' घालू नका. सुदामा नगरच्या काकू पासवर्डला पासवर्ड म्हणतात, लिंकला लिंक. आणि १९३० हा आकडा 'एक हजार नऊशे तीस' असा वाचू नका. 'एक, नऊ, तीन, शून्य' असा एकेक अंक म्हणा आणि पडद्यावर किमान चार सेकंद ठेवा. संगणकाकडून आवाज तयार करून घेणारे गट इथेच फसतात. यंत्र आकडा सलग वाचतं, वर ळ आणि ण यांचं काय करील याचा भरवसा नाही. घरातल्या कुणाचाही आवाज त्याहून बरा.

महाविद्यालय गटासाठी एक विषय सुचवावासा वाटतो, कारण इंदूरला तो फार जवळचा आहे. भंवरकुआं भागात बाहेरगावची हजारो मुलं क्लाससाठी खोल्या घेऊन राहतात. 'तुझं बँक खातं आणि सिम महिनाभर दे, पैसे मिळतील' ही लालूच अशाच मुलांना दाखवतात. चोरलेले पैसे त्या खात्यातून फिरतात. पुढे खातं गोठतं, आणि चौकशी येते ती खातं ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात. मुलाला वाटतं, मी तर काहीच केलं नाही. यावर ९० सेकंद नीट वापरता येतील: पहिल्या ३० मध्ये ऑफर, पुढच्या ३० मध्ये एटीएमवर 'खाते गोठवले आहे', शेवटच्या ३० मध्ये संचार साथीवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते तपासणं. शेवटची कृती कुणालाही घरबसल्या करता येते.

शाळेच्या गटात एक विषय टाळला जातो, आणि तो टाळू नये: फोटोवरून धमकावणं. खोटा किंवा खासगी फोटो पसरवायची धमकी मिळालेलं मूल घरी सांगत नाही, कारण आधी ओरडा बसेल ही भीती. कृती पालकांसाठी ठेवा: रागावण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग ब्लॉक करा, पैसे देऊ नका. राष्ट्रीय पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देता करता येते. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. आणि १८ वर्षांखालच्यांसाठी 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. तिच्यात फोटो पाठवावा लागत नाही. फोनवरच त्या फोटोचा आकड्या-अक्षरांचा एक ठसा तयार होतो, तेवढाच पुढे जातो, आणि सहभागी असलेली समाजमाध्यमं त्या ठशावरून फोटो शोधून काढून टाकू शकतात. 'फोटो द्यावा लागत नाही' हे एकच वाक्य ऐकून एखादी मुलगी मदत मागायला धजेल. अभिनय मात्र फार जपून. धमकीचे शब्द वाचून दाखवू नका, फोन टेबलावर पालथा ठेवलेला दाखवला तरी कळतं.

तांत्रिक बाजूला फक्त १० गुण आहेत, म्हणून पुष्कळ जण तिकडे बघत नाहीत. पण आवाज ऐकू आला नाही तर आशयाचे ४० कुठून मिळणार? ऐकू न येणं हे बाद होण्याचं एक मोठं कारण, आणि ते फुकटात टाळता येतं. मोबाइल सहा फुटांवर ठेवला की तो खोलीचा घुमारा टिपतो, पंख्याची घरघर टिपते, खालच्या रस्त्यावरचा भोंगा टिपतो. उपाय: दुसरा फोन बोलणाऱ्याच्या खिशात, ध्वनिमुद्रण चालू करून. दोन्ही फोन सुरू झाल्यावर एकदा टाळी वाजवा. संपादनात टाळीचं टोक दोन्ही ठिकाणी जुळवलं की आवाज ओठांशी जुळतो, मग पहिल्या फोनचा आवाज बंद करा. खोलीत पंखा बंद, फ्रिज जवळ असेल तर तोही तेवढ्यापुरता बंद, आणि कॅमेऱ्याच्या मागे दोरीवर एक जाड गोधडी.

माइक घ्यायचाच असेल तर जेल रोडवरच्या नॉव्हेल्टी मार्केट किंवा डॉलर मार्केटमध्ये कॉलरला लावायचे वायरचे माइक मिळतात. घेताना तीन गोष्टी तिथेच तपासा. फोनला गोल जॅकचं भोक आहे का? नसेल तर सी-टाइपचा अडॅप्टर लागेल, आणि प्रत्येक अडॅप्टरमधून जोडलेला माइक प्रत्येक फोनला ओळखू येतोच असं नाही. बोया बीवाय-एम१ सारख्या माइकवर फोन आणि कॅमेरा असा खटका असतो, तो फोनच्या बाजूला हवा. चुकीच्या बाजूला राहिला की आवाज क्षीण येतो किंवा येतच नाही. आणि दहा सेकंद रेकॉर्ड करताना माइकच्या टोकावर नखाने खरवडून बघा. ऐकताना खरखर मोठी आली तर माइक चालू आहे, नाही आली तर फोन अजून स्वतःच्याच कानाने ऐकतोय.

ट्यूबलाइटखाली चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात, ते का? आपली वीज ५० हर्ट्झची, तर मोबाइल बहुधा सेकंदाला ३० चित्रं टिपतो, दोघांचा ताल जुळत नाही. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात. तो मोड नसेल तर दिवा बंद करून सकाळी खिडकीकडे तोंड करून बसा. चेहऱ्यावर उजेड येतो आणि पट्ट्यांचा प्रश्नच उरत नाही.

उपशीर्षकांत जोडाक्षरं तुटणं ही मराठी व्हिडिओची जुनी दुखरी जागा. काही अ‍ॅपमध्ये 'सुरक्षित'चं 'सुरक्‌षित' होतं, 'व्यवहार'चा य लांब पळतो. कारण एकतर अ‍ॅपचा स्वतःचा फॉन्ट देवनागरी जाणत नाही, किंवा मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून चिकटवलेला असतो. मजकूर युनिकोडमध्येच लिहा आणि मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट अ‍ॅपमध्ये बाहेरून घाला. तरी तुटलंच तर मजकुराचं चित्र करून वर ठेवा. संपादनाच्या अ‍ॅपपैकी व्हीएनमध्ये फुकटात खूण न उमटता व्हिडिओ निघतो, काइनमास्टरच्या मोफत आवृत्तीत खूण राहते.

फाइल १०० एमबीच्या आत हवी आहे. हिशेब सोपा: १०८० पी, सेकंदाला ३० चित्रं, बिटरेट (सेकंदाला साठणारा डेटा) ८ एमबीपीएस, म्हणजे आठ मेगाबिट. आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट, म्हणजे सेकंदाला एक एमबी. ९० सेकंदांचे ९० एमबी, मर्यादेत. बिटरेट १२ ठेवला की १३५ एमबी होतात आणि शेवटच्या रात्री अपलोड अडकतं. गटातल्या गटात क्लिप पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर चित्र चेपलं जातं. संहिता १५० शब्दांच्या वर नेऊ नका. मराठी सावकाश बोललं तर मिनिटाला सव्वाशे शब्द होतात, आणि व्हिडिओला गप्प बसायलाही जागा लागते. सिनेमाचं गाणं नको, हक्काचा दावा येतो. यूट्यूबच्या ध्वनिसंग्रहातून परवाना बघून घ्या, किंवा घरातली पेटी वाजवा.

संपादन झाल्यावर एकदा आवाज बंद करून, चित्र थांबवत-थांबवत, पूर्ण व्हिडिओ बघा. या वेळी आपण ठग आहोत असं समजून बघायचं. पाटीवरचं आडनाव दिसतंय? एमपी ०९ ने सुरू होणारा गाडीचा पूर्ण क्रमांक? गणवेशावरचा शाळेचा बिल्ला? फोनच्या पडद्यावर वरून घसरलेली खऱ्या मेसेजची पट्टी? खरा क्यूआर कोड तर कधीच नको. तो अर्धा सेकंद दिसला तरी कुणीही चित्र थांबवून स्कॅन करतं. पडदा दाखवायचा प्रसंग विमान मोडमध्ये, नाव बदललेल्या जुन्या फोनवर चित्रित करा. शूटिंगआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन टॅग' बंद करा. नाहीतर मूळ फाइलमध्ये घराचं ठिकाण जातं, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये ते तसंच राहू शकतं.

आता ती दोन कलमं.

कलम ११ म्हणतं की गुगल फॉर्मवर प्रत्येक सहभागी मुलाच्या आधार कार्डाचा फोटो जोडा. कशासाठी? वय आणि वर्ग तपासायला. त्यासाठी शाळेच्या शिक्क्याचं एक पत्र पुरतं. आधारची प्रत द्यावीच लागली तर शेवटचे चारच अंक दिसणारं 'मास्क्ड' आधार असतं, ते वापरा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक धरलं आहे, आणि त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. फॉर्ममध्ये संमतीची ओळ आहे, पण तिच्यावर खूण मूलच करणार, मग ती पालकाची कशी ठरते? शिवाय व्हिडिओ आणि माहिती किती दिवस ठेवणार, निकालानंतर कोण पुसणार, याचा उल्लेख नाही. फॉर्म भरल्यावर 'आधीचे प्रतिसाद पाहा' अशी लिंक दिसते का, तेही बघा. ती दिसली तर मुलांची नावं आणि फोन नंबर सगळ्यांना उघडे आहेत. लगेच कळवा. आयोजकांचा हेतू स्वच्छ आहे याबद्दल शंका नाही, पण हेतू स्वच्छ असला म्हणून फाइल सुरक्षित राहत नाही.

कलम १२ अधिक गंभीर: २० गुण लोकपसंतीला, म्हणजे लिंक पाठवून मिळवलेल्या मतांना. हे काढायलाच हवं, आणि कारण अगदी नेमकं आहे. 'काकू, माझ्या मुलीच्या व्हिडिओला एक व्होट द्या ना' हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅप पळवण्याचा ओळखीचा सापळा आहे. तो ओळखीच्याच नंबरवरून येतो, कारण त्या ओळखीच्या माणसाचं खातं आधीच पळवलेलं असतं. लिंक उघडली की मुलांचे गोड फोटो, खाली मत द्यायचं बटण. बटण दाबलं की मोबाइल नंबर विचारतात, मग पडद्यावर आठ अक्षरांचा कोड येतो आणि 'पडताळणीसाठी हा व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाका' असं सांगतात. तो टाकला की ठगाचा संगणक तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपला जोडला जातो. मग तुमच्या नावाने तोच मेसेज सगळ्या नातेवाइकांना जातो, आणि मागोमाग 'अर्जंट वीस हजार पाठव, उद्या देतो.' आता बघा, या स्पर्धेतली ५० मुलं शहरभर मतांच्या लिंका पाठवणार. त्या गर्दीत एक खोटी लिंक मिसळली तर काकूंनी ती ओळखायची कशी? ऑनलाइन सुरक्षेच्या स्पर्धेने लोकांना अनोळखी मतदान-लिंक दाबायची सवय लावू नये. ते २० गुण सभागृहातल्या प्रेक्षकांच्या चिठ्ठ्यांना द्या, किंवा आशयात मिळवा. भाग घेणाऱ्यांनी तोपर्यंत लिंक पाठवूच नये, व्हिडिओचं नाव आणि क्रमांक तोंडी सांगावा. आणि कुणी फसलंच असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन अनोळखी उपकरण बाहेर काढावं, मग सगळ्यांना फोन करून सांगावं.

या दोन्ही कलमांवर आयोजकांना पत्र गेलं पाहिजे, एकेका गटाचं वेगळं नको, शाळांनी आणि मंडळांनी मिळून एकच द्यावं. मागण्या दोन: आधारऐवजी शाळेचं किंवा मंडळाचं पत्र, आणि लिंकवरचं मतदान बंद.

बाकी व्यवस्था ठीक. मार्गदर्शनाचं दोन तासांचं सत्र आहे, त्यात कॅमेऱ्यापेक्षा तक्रार कशी भरायची यावर वेळ दिला तर जास्त कामाचं होईल. हक्काचं कलम समाधानकारक आहे: व्हिडिओ जनजागृतीसाठी दाखवायचा हक्क आयोजकांना, मालकी बनवणाऱ्यांची. निवडक व्हिडिओ गणेशोत्सवात मंडपात दाखवायचे आहेत, तेव्हा समुदाय गटाने एक चाचणी जरूर करावी. मंडपातल्या गोंगाटात निवेदन बुडणारच, म्हणून आवाज पूर्ण बंद करून व्हिडिओ कळतो का ते बघा. उपशीर्षकाची अक्षरं १०८० उंचीच्या चित्रात ६० पिक्सेलपेक्षा लहान नकोत, पांढऱ्या अक्षरांमागे काळी पट्टी हवी, आणि शेवटची चौकट, विषय पैसे जाण्याचा असेल तर १९३० आणि त्याखाली तुमची ती एक कृती, पाच सेकंद तशीच ठेवा, म्हणजे मागच्या रांगेतल्या आजोबांना चष्मा काढून लावायला वेळ मिळेल.